विश्लेषण : दुपारची डुलकी अभ्यासाला तारक की मारक? सकाळच्या शाळा, उकाडा आणि मुलांची अपुरी झोप. विज्ञान काय सांगते?

मार्च संपत आला की जालना जिल्ह्यासह संपूर्ण मराठवाड्यात शाळांचे घड्याळ बदलते. उन्हाच्या झळांपासून मुलांना वाचवण्यासाठी शाळा सकाळच्या सत्रात भरतात आणि दुपारी बाराच्या आत सुटतात. मात्र त्यासाठी मुलांना पहाटे उठावे लागते आणि रात्रीच्या उकाड्यामुळे ती लवकर झोपतही नाहीत. झोपेतील ही तूट बहुतेक घरांत दुपारी भरून निघते. त्यावर अनेक पालकांचा आक्षेप असतो, ‘परीक्षा तोंडावर आणि हा झोपतोय’. दुपारी झोपणे म्हणजे आळस, हा समज खरा आहे का? दुपारच्या झोपेचा स्मरणशक्तीवर आणि शिकण्यावर नेमका काय परिणाम होतो? ती किती वेळ असावी आणि कोणासाठी ती घातक ठरू शकते? याचा हा आढावा.

मुलांच्या झोपेचा मुद्दा चर्चेत कसा आला?

डिसेंबर २०२३मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी एका कार्यक्रमात शाळांच्या वेळेचा मुद्दा मांडला. मुले रात्री उशिरापर्यंत जागी असतात आणि सकाळी लवकरच्या शाळेमुळे त्यांची झोप पुरी होत नाही, त्यामुळे वेळा बदलण्याचा विचार व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात म्हटले होते. सर्व माध्यमांच्या आणि सर्व व्यवस्थापनांच्या शाळांना हा निर्णय लागू करण्यात आला. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा आणि स्कूलबस चालकांनी अडचणी मांडल्या, परंतु मुलांची झोप हा धोरणाचा विषय होऊ शकतो, हे या निमित्ताने पहिल्यांदाच ठळकपणे समोर आले.

पुढच्याच वर्षी चित्र उलटे झाले. उष्णतेच्या लाटेची शक्यता लक्षात घेऊन मार्च २०२५च्या अखेरीस राज्यभरातील शाळांसाठी एकसमान उन्हाळी वेळ जाहीर झाली. प्राथमिक शाळा सकाळी सात ते सव्वाअकरा आणि माध्यमिक शाळा सात ते पावणेबारा. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षाही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या. म्हणजे उन्हापासून बचाव झाला, पण वर्षभराच्या अभ्यासाची उजळणी आणि परीक्षा या दोन्ही गोष्टी झोप सर्वात कमी मिळणाऱ्या दिवसांतच आल्या. दोन्ही निर्णयांमागील कारणे योग्य आहेत. अडचण इतकीच की उन्हापासूनचे संरक्षण आणि पुरेशी झोप या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात.

मुलांना किती झोप लागते?

अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६मध्ये जाहीर केलेल्या शिफारशी जगभर प्रमाण मानल्या जातात. त्यानुसार तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, सहा ते १२ वर्षांच्या मुलांना नऊ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप आवश्यक असते.

हा हिशेब सात वाजताच्या शाळेला लावून पाहावा. शाळा घरापासून दोन-तीन किलोमीटरवर असेल तर मूल साडेपाचला उठते. त्याला किमान नऊ तास झोप मिळायची असेल तर ते रात्री साडेआठला झोपलेले असायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातील कोणत्याही गावात रात्री साडेआठ वाजता जेवणेही उरकलेली नसतात. मूल रात्री साडेदहाला झोपले तर सात तास झोप मिळते. म्हणजे रोज किमान दोन तासांची तूट आणि सहा दिवसांच्या आठवड्यात बारा तासांची.

जालन्यात ही तूट अधिक का जाणवते?

याला तीन कारणे आहेत. पहिले भौगोलिक. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, तर जालना ७५.९ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे येथे सूर्य प्रमाणवेळेच्या मानाने सुमारे २६ मिनिटे मागे चालतो. कोलकात्यात सूर्य मावळल्यानंतर जालन्यात अंधार पडायला पाऊण तासाच्या आसपास वेळ जातो. शाळेची घंटा मात्र घड्याळाप्रमाणेच वाजते. एप्रिलच्या सुरुवातीला जालन्यातील सूर्योदय सव्वासहाच्या पुढे असतो. म्हणजे सातच्या शाळेसाठी मूल अंधारातच उठते.

याचा शिक्षणाशी असलेला संबंध अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी अभ्यासला आहे. देशातील वेगवेगळ्या जिल्ह्यांतील सूर्यास्ताच्या वेळा आणि मुलांच्या दिनक्रमाची आकडेवारी त्यांनी ताडून पाहिली. सूर्यास्त एक तास उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते, कारण ती उशिरा झोपतात पण शाळेमुळे उशिरा उठू शकत नाहीत, असे त्यांना आढळले. अशा मुलांचे शिक्षणही तुलनेने कमी होते आणि हा फटका गरीब घरांत अधिक बसतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

दुसरे कारण उकाडा. मे महिन्यात दिवसाचा पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या घरांत आणि काँक्रीटच्या स्लॅबखाली दिवसभर साठलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत निघत नाही. त्यात वीज गेली की पंखाही बंद. ६८ देशांतील सुमारे ४७ हजार प्रौढांच्या झोपेच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०२२मध्ये ‘वन अर्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रात्रीचे तापमान ३० अंशांवर गेले की झोप सरासरी १४ मिनिटांनी घटते, असे त्यात दिसले. उत्पन्न कमी असलेल्या देशांत आणि ज्येष्ठांमध्ये हा परिणाम जास्त होता.

तिसरे कारण घराचा दिनक्रम. जालना औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. रात्रपाळीहून आलेला किंवा रात्रपाळीला निघालेला माणूस घरात असेल तर एका खोलीच्या घरात सगळ्यांचीच झोप मोडते. शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज मिळते, त्यामुळे रात्री पाणी धरायला जाणारे शेतकरी कुटुंबही याला अपवाद नाही. मोबाइल हे शहरी-ग्रामीण दोन्ही घरांतील समान कारण आहेच.

झोपेत स्मरणशक्तीचे नेमके काय होते?

झोप म्हणजे मेंदू बंद पडणे नव्हे. १९२४मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले. पाठांतरानंतर जागे राहिल्यास जितके विसरले जाते, त्यापेक्षा झोपल्यास बरेच कमी विसरले जाते, असे त्यांना दिसले. त्या काळी याचे कारण ‘झोपेत नवीन माहितीचा व्यत्यय येत नाही’ असे मानले गेले. आता त्यापलीकडची प्रक्रिया उलगडली आहे.

दिवसभरात शिकलेली माहिती आधी मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ या भागात तात्पुरती नोंदवली जाते. या भागाची क्षमता मर्यादित असते. गाढ झोपेत मेंदूच्या संथ लहरींबरोबर दिवसभरातील नोंदी पुन्हा उजळल्या जातात आणि हळूहळू मेंदूच्या बाह्य पटलात, म्हणजे दीर्घकालीन साठ्यात रुजतात. हिप्पोकॅम्पस हे खळे मानले तर बाह्य पटल हे गोदाम. खळ्यावरचा माल गोदामात गेला नाही तर तो खराबही होतो आणि नव्या मालाला जागाही उरत नाही.

या वाहतुकीत झोपेच्या दुसऱ्या टप्प्यात दिसणाऱ्या ‘स्पिंडल’ नावाच्या लहरींची भूमिका महत्त्वाची मानली जाते. सेकंदाला साधारण १२ ते १५ वेळा कंप पावणाऱ्या या लहरी एक-दोन सेकंदच टिकतात, पण झोपेत त्या वारंवार येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये ‘करंट बायोलॉजी’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांना दुपारी आणि पुन्हा संध्याकाळी नवीन माहिती शिकवली. दिवसभर जागे राहिलेल्यांची शिकण्याची क्षमता संध्याकाळी घटली होती. मधल्या वेळेत सुमारे दीड तास झोपण्याची संधी मिळालेल्यांमध्ये ही घट दिसली नाही. ज्यांच्या झोपेत स्पिंडल अधिक, त्यांची क्षमता अधिक भरून निघाली होती.

याचा अर्थ दुपारची झोप दोन प्रकारे काम करते. आधी शिकलेले पक्के होते आणि पुढचे शिकण्यासाठी जागा होते.

अंगणवाडीच्या वयातील मुलांबाबत काय आढळले?

सर्वात स्पष्ट पुरावा याच वयोगटात आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रेबेका स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतील ४० मुलांवर केलेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवण्याचा खेळ शिकवला. एका दिवशी त्यांना दुपारी झोपू दिले, दुसऱ्या एका आठवड्यात त्याच मुलांना जागे ठेवले. सरासरी ७७ मिनिटे झोपलेल्या दिवशी मुलांना सुमारे दहा टक्के अधिक जागा आठवल्या. दुपारची झोप हुकलेल्या मुलांचे नुकसान त्या रात्रीच्या झोपेनेही भरून निघाले नाही. ज्या मुलांना रोज दुपारी झोपायची सवय होती, त्यांच्यात हा फरक सर्वाधिक होता.

हा निष्कर्ष अंगणवाड्यांसाठी महत्त्वाचा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण अंगणवाडीकडे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला. सकाळी गाणी, आकार, रंग शिकलेले मूल घरी जाऊन तासभर झोपले तर ते शिकणे वाया जात नाही, उलट पक्के होते. मात्र कापूस वेचणीच्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर फडावर गेलेल्या मुलांना ही स्वस्थ झोप मिळत नाही. अशा मुलांसाठीचे पाळणाघर किंवा हंगामी वसतिगृह म्हणजे केवळ जेवणाची आणि सुरक्षेची सोय नाही. सावलीतील शांत झोप हाही त्या सोयीचा भाग असायला हवा.

येथे एक काळजीही आहे. बहुतेक मुले पाच वर्षांची होईपर्यंत आपोआप दुपारची झोप सोडतात. ज्या मुलाला झोप येत नाही, त्याला बळजबरीने झोपवले तर ते रात्री उशिरापर्यंत जागे राहते. त्यामुळे नियम सर्वांना सारखा लावता येत नाही.

परीक्षेच्या तोंडावर डुलकी की घोकंपट्टी?

दहावी-बारावी, नीट, पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा कळीचा प्रश्न. सिंगापूरमधील ड्यूक-एनयूएस वैद्यकीय शिक्षण संस्थेतील संशोधकांनी तो थेट तपासला. विद्यार्थ्यांना मुंग्या आणि खेकडे यांच्या विविध प्रजातींची बारीकसारीक माहिती शिकवण्यात आली. मधल्या एका तासात एका गटाला झोपू दिले, दुसऱ्याने तीच माहिती पुन्हा पाठ केली आणि तिसऱ्याने नुसती विश्रांती घेतली. त्याच दिवशीच्या चाचणीत झोपलेले आणि पाठांतर करणारे दोघेही विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा पुढे होते. आठवड्यानंतर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा झोपलेल्या गटाची आघाडी टिकून होती. पाठांतर करणाऱ्यांची आघाडी मात्र उरली नव्हती. हा अभ्यास २०१९मध्ये ‘स्लीप’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यातून ‘अभ्यास सोडून झोपा’ असा अर्थ काढणे चूक ठरेल. झोपलेल्या गटानेही आधी नीट अभ्यास केलाच होता. शिकलेच नाही तर झोपेत पक्के काय होणार? निष्कर्ष इतकाच की सलग चार-पाच तास अभ्यास झाल्यानंतर जडावलेल्या डोळ्यांनी पाचवा तास रेटण्यापेक्षा तो झोपेला देणे तोट्याचे नाही.

हे प्रयोगशाळेबाहेरही खरे ठरते का? ब्राझीलमधील सिदार्ता रिबेरो आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष शाळांमध्ये सहावीच्या मुलांवर प्रयोग केला. धड्यानंतर झोपलेल्या मुलांना तो धडा काही दिवसांनंतरही अधिक चांगला आठवत होता. जपानमध्ये फुकुओका प्रांतातील मेइझेन हायस्कूलने २००५मध्ये जेवणानंतर १५ मिनिटांच्या डुलकीची वेळ वेळापत्रकातच ठेवली. चीनमधील अनेक शाळांत जेवणानंतर मुले बाकावर डोके टेकून झोपतात आणि त्याला कोणी आळस म्हणत नाही.

कमी रात्र आणि दुपारची झोप, ही विभागणी चालते का?

उन्हाळ्यात जालन्यातील मूल नेमके हेच करते. त्यामुळे सिंगापूरमधील आणखी एक अभ्यास येथे उपयोगी आहे. १५ ते १९ वर्षांच्या मुलांचे दोन गट करण्यात आले. दोघांनाही दिवसात साडेसहा तासच झोपण्याची मुभा होती. एका गटाने ती सलग रात्री घेतली, दुसऱ्याने रात्री पाच तास आणि दुपारी दीड तास. झोपेची विभागणी करणाऱ्यांची सावधता, तात्पुरती स्मृती आणि मनःस्थिती तुलनेने चांगली राहिली. मात्र त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता अधिक घसरली.

म्हणजे झोप अपुरीच असेल तर दुपारची डुलकी मेंदूला आधार देते, पण शरीराला सगळीच भरपाई मिळत नाही. दुपारची झोप हा उन्हाळ्यातील तात्पुरता उपाय आहे. वर्षभर रात्री पाच तास झोपण्याचा परवाना नव्हे.

भारतातील कष्टकऱ्यांबाबत काय पुरावा आहे?

या विषयावरील सर्वात महत्त्वाचा भारतीय अभ्यास चेन्नईतील आहे. पेद्रो बेसोने, गौतम राव, फ्रँक शिलबाख, हेदर स्कोफिल्ड आणि मॅटी टोमा या अर्थशास्त्रज्ञांनी कमी उत्पन्न गटातील ४५२ प्रौढांना महिनाभर संगणकावर माहिती भरण्याचे काम दिले. ही माणसे रात्री आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तासच होती. उकाडा, डास आणि आवाज यांमुळे झोप वारंवार मोडत होती.

काहींना पंखे, गाद्या, डोळ्यांवरील पट्ट्या, कानातले बोळे आणि सल्ला देण्यात आला. त्यांची रात्रीची झोप २७ मिनिटांनी वाढली. आश्चर्य म्हणजे त्याचा कामावर, आकलनावर किंवा मनःस्वास्थ्यावर उल्लेखनीय परिणाम झाला नाही. याउलट कामाच्या ठिकाणी शांत जागेत दुपारी अर्ध्या तासाची झोप मिळालेल्यांची कार्यक्षमता, आकलन आणि मनःस्थिती सुधारली. मोडक्यातोडक्या रात्रीत आणखी अर्धा तास भरण्यापेक्षा शांत जागी मिळालेली अर्ध्या तासाची सलग झोप अधिक उपयोगी पडली, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. २०२१मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये हा अभ्यास आला.

त्यातील दुसरी बाजूही पाहायला हवी. झोपेच्या वेळात काम करत राहिलेल्यांच्या तुलनेत झोपणाऱ्यांचे एकूण काम कमी भरले, कारण अर्धा तास कामातून गेला होता. रोजंदारीवरील माणसाला दुपारची झोप का परवडत नाही, याचे उत्तर येथे मिळते. झोपेचा फायदा डोक्याला होतो, पण रोजंदारी अर्ध्या तासाचे पैसे कापते.

डुलकी किती वेळ आणि केव्हा?

दुपारी एक ते तीन या वेळेत शरीराच्या अंतर्गत घड्याळानुसार सावधता कमी होते. जेवण जड असेल तर सुस्ती वाढते, पण जेवण केले नाही तरी ही घट होतेच. त्यामुळे डुलकीची योग्य वेळ हीच.

कालावधी हेतूवर अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात २००६मध्ये पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या डुलक्यांची तुलना झाली. लगेच ताजेतवाने होण्यासाठी दहा मिनिटांची डुलकी सर्वात परिणामकारक ठरली. तीस मिनिटांनंतर उठलेल्यांना काही काळ जडपणा जाणवला, कारण तोवर गाढ झोप सुरू झालेली असते आणि ती अर्धवट मोडते. ‘नासा’ने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या प्रयोगात सरासरी २६ मिनिटांच्या डुलकीने कामगिरी ३४ टक्क्यांनी सुधारल्याचे दिसले होते. शिकलेले पक्के व्हायचे असेल तर साठ ते नव्वद मिनिटांची झोप अधिक उपयोगी, कारण त्यात गाढ झोपेचा टप्पा येतो आणि दीड तासात झोपेचे एक पूर्ण चक्र होते. सारा मेडनिक आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये केलेल्या प्रयोगात गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही असलेल्या डुलकीचा दृष्टीच्या एका कौशल्यावरील फायदा रात्रभराच्या झोपेइतका होता.

व्यवहारात याचा अर्थ असा : संध्याकाळी क्लास असेल किंवा लगेच अभ्यासाला बसायचे असेल तर गजर लावून वीस मिनिटे. पहाटे उठून सातच्या शाळेला गेलेल्या मुलाला जेवणानंतर एक ते दीड तास. चारनंतर झोपणे टाळावे, नाहीतर रात्रीची झोप पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवशीची तूट वाढते. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे जड गणिते न घेता हलके काम घ्यावे.

मग ‘दिवसा झोपू नये’ हे आयुर्वेदाचे सांगणे?

आयुर्वेदात दिवसाच्या झोपेला दिवास्वाप म्हणतात आणि एरवी ती कफ-पित्त वाढवणारी मानली जाते. घरोघरी सांगितला जाणारा नियम इथून आला. मात्र त्याचे अपवाद कमीच सांगितले जातात. चरकसंहितेने ग्रीष्म ऋतूत दिवसाच्या झोपेला मुभा दिली आहे, कारण रात्री लहान होतात आणि शरीर कोरडे पडते. बालके, वृद्ध, अशक्त माणसे यांच्याबरोबरच ओझे वाहून, प्रवासाने आणि अध्ययनाने थकलेल्यांनाही तेथे अपवाद केले आहे. उन्हाळ्यात पहाटे उठून अभ्यास करणारे मूल या नियमानेही अपवादातच बसते. जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडे लवंडणे, म्हणजे वामकुक्षी, ही तर मराठी घरांची जुनी रीत. पुण्याच्या ‘एक ते चार’वर विनोद झाले, पण उष्ण प्रदेशात दुपारचा वेळ विश्रांतीला ठेवण्यामागे व्यवहार होता.

सावध कोणी राहावे?

सगळ्यांसाठी दुपारची झोप गुणकारी नाही. ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी ती टाळलेली बरी. ज्येष्ठांबाबत पुरावा संमिश्र आहे. अमेरिकेतील ज्येष्ठांवरील २०२२च्या एका दीर्घ अभ्यासात दिवसाला तासाहून अधिक झोपणाऱ्यांमध्ये अल्झायमरचा धोका सुमारे ४० टक्के जास्त दिसला. मात्र आजाराची सुरुवात झाल्यावर दिवसाची झोप वाढते, असेही त्याच अभ्यासात आढळले. त्यामुळे झोपेमुळे आजार, असे म्हणता येत नाही. दुसरीकडे ब्रिटनमधील पावणेचार लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीवरून २०२३मध्ये झालेल्या विश्लेषणात, नियमित डुलकी घेण्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या मेंदूचे आकारमान किंचित मोठे आढळले. पण हिप्पोकॅम्पसच्या आकारात किंवा प्रतिसादाच्या वेगात फरक नव्हता.

रात्री पुरेशी झोपूनही वर्गात रोज पेंगणारे मूल हा वेगळा विषय आहे. रक्ताल्पता, घोरणे, टॉन्सिल वाढणे, थायरॉइड किंवा मानसिक ताण यांपैकी काही कारण असू शकते. अशा वेळी ओरडण्यापेक्षा किंवा आणखी झोपू देण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवणे योग्य.

संशोधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. बरेच प्रयोग थंड, अंधाऱ्या, शांत खोल्यांत आणि थोड्या लोकांवर झाले आहेत. ४२ अंश तापमानात पत्र्याखाली घामाघूम होऊन मिळालेली झोप तितकीच उपयोगी असेल, असे त्यावरून गृहीत धरता येत नाही.

शाळा आणि प्रशासन काय करू शकतात?

उन्हाळ्यात शाळा सकाळीच भरणार, यात बदल होण्याची शक्यता कमी आहे आणि उष्माघाताचा धोका पाहता तो व्हावा असेही नाही. पण त्याच्या आत काही गोष्टी शक्य आहेत. वार्षिक परीक्षा शक्य तितक्या लवकर उरकणे, हा सर्वात सोपा मार्ग. सकाळच्या सत्रात पहिला तास कवायत, वाचन, गाणी अशा हलक्या विषयांना आणि गणित-विज्ञान मधल्या तासांना देणे मुख्याध्यापकांच्या हातात आहे. दुपारी एक ते तीन या वेळेत खासगी शिकवण्या आणि जादा तास न ठेवणे, हा निर्णय गावपातळीवरही होऊ शकतो. भर उन्हात क्लासला निघालेल्या मुलाची झोपही जाते आणि तब्येतही.

पावसाळा-हिवाळ्यात जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा सकाळी दहाच्या सुमारास भरतात. तेथे खिचडीनंतरचा तास शिक्षकांना सर्वात कठीण जातो. पहिली-दुसरीच्या वर्गात जेवणानंतर पंधरा मिनिटे डोके टेकवून शांत पडण्याची मुभा दिली तर त्याला खर्च येत नाही. अंगणवाडीत सतरंजी, पंखा आणि पंख्यासाठी खंड न पडणारी वीज एवढेच लागते. मात्र अनेक वर्गखोल्यांवर अजूनही पत्रे आहेत आणि एप्रिलमध्ये त्याखाली बसणेही कठीण होते. छताला पांढरा रंग, खिडक्यांना आडोसा आणि आवारात झाडे हे उष्णतेवरचे उपाय मुलांच्या झोपेचेही उपाय ठरतात.

घरात मात्र निर्णय पालकांचा आहे. पहाटे साडेपाचला उठलेल्या मुलाने दुपारी तासभर झोप घेतली तर त्याचा अभ्यास बुडत नाही. त्याला चार वाजता उठवावे, पाणी द्यावे आणि सकाळी शिकलेले एकदा विचारावे. बहुतेक वेळा ते त्याला आठवत असते. रात्री मोबाइल बाजूला ठेवून त्याला अर्धा तास लवकर झोपवणे हा त्यापुढचा, आणि अधिक कठीण, भाग आहे.